आमची वाटचाल : सूट कुठे आणि किती

आमचं वर्कशॉप दोन लेथ आणि एका मिलिंग मशीनवर सुरू झालं. तेव्हा नियम कसले? तोंडी सांगितलं की काम व्हायचं. माणसं वाढली, दुसरी पाळी सुरू झाली आणि भिंतीवर फलक लागला : दहा मिनिटांवर उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापणार. झालं भलतंच. अकरावं मिनिट लागलेला माणूस फाटकातूनच मागे फिरायचा. अर्धा दिवस गेलाच आहे, तर जेवूनच येऊ! तोवर मशीन बंद.

खरं तर आमच्या धंद्यात माप कधी एकटं येत नाही, सोबत टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, असतो. बऱ्याच ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘आयएसओ २७६८ – एम’ (साध्या मापांच्या टॉलरन्सचं मानक) छापलेलं असतं. म्हणजे ३० ते १२० मिमीच्या साध्या मापाला ०.३ मिमी इकडेतिकडे चालतं. त्याच जॉबमधला बेअरिंग बसवायचा ४० मिमीचा बोअर (भोक) मात्र एच-७ या कडक टॉलरन्सचा : वर ०.०२५ मिमी, खाली शून्य. कुठे ढील द्यायची, हे त्या जागेचं काम काय यावर ठरतं. सरसकट एच-७ मागणाऱ्या डिझायनरला कडक म्हणत नाहीत. त्याला नेमकं कुठलं माप महत्त्वाचं ते कळलेलं नसतं. (बिल त्याचा साहेब भरतो.)

नियम याच हिशेबाने पुन्हा मांडले. यायला अर्ध्या तासाची मुभा, तेवढा वेळ सुटताना भरून द्यायचा. पाळीची अदलाबदल आपसात ठरवा, फक्त आदल्या दिवशी सांगा. पण लेथवर हातमोजे नाहीत आणि चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) चावी ठेवून हात सोडायचा नाही. फिरता चक हातमोजा धरतो तो हातासकट. तिथे जुना-नवा बघायचा नाही.

तरी कुरबुर राहिलीच, ती तोंड बघून दिलेल्या सवलतीची. जुन्या कारागिराला ‘जाऊ दे’, नव्या पोराला त्याच कारणावरून मेमो. म्हणून आता सूट दिली की वहीत नोंद होते : कुणाला, कशासाठी. एकच कारण पुन्हा पुन्हा दिसलं, की आम्ही माणसाऐवजी नियम तपासतो. दुसरी पाळी लवकर सुटायला लागली ती त्यामुळेच. शेवटची बस जुन्या वेळेला मिळतच नव्हती.

मोबाईलचं अजून घोडं अडलंय. ड्रॉइंग त्यावरच येतात, त्यामुळे बंदी शक्य नाही. सध्या मशीन थांबलेलं असेल तरच हातात घ्यायचा, असं चाललंय.