आधी ईजीएल, मग एचजीएल: पाइपलाइनच्या हिशेबाचा माझा अनुभव

हायड्रॉलिक ग्रेड लाइन (एचजीएल), म्हणजे पाइपची उंची आणि त्यातल्या पाण्याचा दाब मिळून येणाऱ्या पातळीची रेषा, मी कधी थेट काढत नाही. आधी ऊर्जेची रेषा, म्हणजे ईजीएल (एनर्जी ग्रेड लाइन), काढतो आणि तिच्यातून ठिकठिकाणचं वेगशीर्ष, म्हणजे वेगामुळे असलेली आणि मीटर उंचीत मोजलेली ऊर्जा, वजा करतो. एचजीएल आपसूक हाती येते. प्रवाहाच्या दिशेने ईजीएल पंपाशिवाय चढूच शकत नाही, म्हणून ती कुठे चढलेली दिसली की चूक तिथेच सापडते. एचजीएल मात्र पाइप रुंदावला की चढूही शकते.

एका टाकीतून खालच्या टाकीत पाणी नेणारा पाइप पाहू: वरच्या टाकीची पाणीपातळी १२०.०० मीटर, पाइपचा आतला व्यास ३०० मिमी, लांबी १२०० मीटर, प्रवाह सेकंदाला १०० लिटर घ्या. वेग १.४१ मीटर प्रति सेकंद, वेगशीर्ष ०.१० मीटर. डार्सीच्या सूत्रातला घर्षणांक ०.०२ धरला तर दर १०० मीटरला घर्षणात ०.६८ मीटर शीर्ष (मीटर उंचीत मोजलेली ऊर्जा) खर्च होतं. फॅनिंगचा घर्षणांक, म्हणजे त्याच घर्षणाचा दुसऱ्या पद्धतीचा आकडा, याच्या पाव असतो. तो चुकून डार्सीच्या सूत्रात घातला, तर घर्षणाचं नुकसानही पावच येतं.

पाइपच्या तोंडाशी पाणी आत शिरताना ०.०५ मीटर जातात. ७०० मीटर चेनेजला (पाइपच्या सुरुवातीपासूनच्या अंतराला) ईजीएल ११५.१९, एचजीएल ११५.०९. शेवटी ईजीएल १११.७९, एचजीएल १११.६९, आणि खालच्या टाकीची पातळीही १११.६९. उरलेलं वेगशीर्ष टाकीतल्या घुसळणीत संपतं.

दोन्ही टोकं जुळली, तरी काम झालेलं नसतं. त्याच कागदावर पाइपच्या मध्यरेषेची पातळी काढायलाच हवी. समजा ७०० मीटरवर टेकाड आहे आणि तिथे पाइप ११७.०० वर आहे. म्हणजे दाबशीर्ष (एचजीएल वजा पाइपची पातळी) उणे १.९१ मीटर, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी! पाण्यात विरघळलेली हवा अशा ठिकाणी सुटते, माथ्यावर साठते आणि प्रवाह घटतो. साधा एअर व्हॉल्व्ह इथे लावला तर तो हवा बाहेर सोडायच्या ऐवजी आत ओढतो.

पाइप खोल गाडणं शक्य नसेल, तर टेकाडापर्यंतचा पाइप ३५० मिमीचा करावा. तिथली एचजीएल ११७.७२ वर येते, दाब अधिक ०.७२. पण एकूण नुकसान घटल्यामुळे प्रवाह वाढू पाहतो. तो १०० लिटरवर धरायचा व्हॉल्व्ह खालच्या टोकालाच हवा. टेकाडाच्या अलीकडे, वरच्या टाकीच्या बाजूला तो आवळला, तर एचजीएल पुन्हा पाइपखाली जाते.

जागेवर पडताळताना दाबाच्या गेजवर १.५ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दिसले तर ते १५ मीटर झाले. त्यात गेजच्या तबकडीची पातळी मिळवल्यावरच ती एचजीएल होते.