शिक्का, शाई आणि कासचा जांभा

टपाल खात्यात माझी ३३ वर्षं गेली, त्यातली सुरुवातीची बरीचशी शिक्के मारण्यात. सकाळी आल्या आल्या शिक्क्यातले तारखेचे खिळे चिमट्यानं बदलायचे, वहीत एक ठसा घेऊन तारीख बरोबर बसली का बघायची, मग टपालाचा गठ्ठा समोर ओढायचा. खिळ्यांवरचे आकडे उलटे असतात. पहिला महिनाभर मी मान वाकडी करून ते वाचायचे, नंतर उलटंच सुलट दिसायला लागलं. पाकिटांखाली जाड रबराची गादी असायची. ती सरकली की गोलाचा अर्धा भाग उमटायचा आणि अर्धा जायचा.

निवृत्त झाल्यावर पहिल्या दिवाळीत भाचीनं मला फुलापानांच्या पारदर्शक ठशांचा एक संच, ठसा चिकटवून धरायचा ॲक्रेलिकचा ठोकळा आणि शाईची एक छोटी डबी आणून दिली. "मावशी, तुझा हात बसलेला आहे," म्हणाली. पहिला ठसा अर्धवट उमटला. मी उठले, जुन्या माऊसपॅडचा तुकडा कागदाखाली सरकवला आणि पुन्हा मारला. पानाची शीर न् शीर आली. त्या संध्याकाळी मी जेवायचं विसरून २२ कागद छापले.

दाब सरळ खाली द्यायचा, डुलवायचा नाही, हे मला सांगावं लागलं नाही. नवीन ठसा मात्र गुळगुळीत असतो, त्यावर शाई पसरत नाही, थेंबाथेंबानं गोळा होते. त्याला आधी खोडरबरानं हलकं घासून घ्यावं लागतं. हे मी दोन कागद वाया घालवून शिकले.

शाईच्या बाबतीत मात्र मला सगळं नव्यानं शिकावं लागलं. कचेरीत शाई म्हणजे काळी नाहीतर जांभळी, एवढंच. इथं प्रत्येक शाईचा स्वभाव वेगळा. डाय इंक कागदात मुरते, लवकर वाळते, पण पाणी लागलं की पसरते आणि उन्हात विटते. पिगमेंट इंक कागदाच्या अंगावर बसते, वाळायला वेळ घेते, रंग टिकवते. नणंदेच्या वाढदिवसाच्या कार्डावर मी डाय इंकनं सोनकीच्या फुलांच्या रेषा छापल्या आणि वरून पाण्याचा पिवळा रंग भरला. दोन मिनिटांत फुलांचा चिखल झाला. पुढं कळलं की वरून रंगवायचं असेल तर रेषा आर्काइव्हल शाईनं छापायच्या. ती पूर्ण वाळली की पाण्याला दाद देत नाही. उलट डिस्ट्रेस शाया पाण्यानं हलाव्यात म्हणूनच केलेल्या असतात. त्यातला ऑक्साइड प्रकार २०१७ साली आला. त्यात डाय आणि पिगमेंट दोन्ही असतं, आणि त्यावर पाणी शिंपडलं की रंगावर खडूसारखी पांढुरकी साय धरते. साताऱ्यातलं श्रावणातलं आभाळ मला तिच्याशिवाय कशानंच जमलेलं नाही.

पावसाळ्यात एम्बॉसिंगची पूड फार छळते. चिकट शाईनं छापायचं, पूड भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गननं, म्हणजे कडक गरम हवेच्या झोतानं वितळवायची, की रेषा उठून येते. पण हवा दमट असेल तर पूड नको तिथंही चिकटते. त्यासाठी मी सुती फडक्यात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधून ठेवली आहे. छापण्याआधी ती कागदावरून फिरवायची. आणि केस वाळवायचा ड्रायर या कामाला चालत नाही. तो पूड उडवून लावतो आणि तेवढा तापतही नाही.

कागदासाठी पुण्याला गेले की शिवाजीनगरला हातकागद संस्थेत चक्कर असते. के. बी. जोशींनी गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली ती उभी केली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद हातात घेतला की कापडाची आठवण येते. बारीक रेषांचे ठसे त्यावर तुटतात, कारण पोत खडबडीत असतो. पण कार्डाचा तळ म्हणून आणि डायनं, म्हणजे धातूच्या साच्यानं, आकार कापायला त्याच्यासारखा दुसरा नाही. कापलेल्या कडेला इतकी सुरेख लव राहते.

डाय कटिंग मला पहिल्या दिवशीच समजलं, कारण आईचं करंजीचं कातण आठवलं. तत्त्व तेच: धारदार कड आणि वरून दाब. इथं पातळ धातूचा साचा कागदावर ठेवायचा, दोन्हीकडून प्लास्टिकच्या पाट्या लावायच्या आणि सगळं रुळांमधून हातानं फिरवून काढायचं. माझं यंत्र जुनं, दुसऱ्याच्या हातचं घेतलेलं. ते एका कोपऱ्यात कमी कापतं, तर तिथं जुन्या फॉर्मच्या कागदाची एक घडी घातली की दाब भरून निघतो. नाजूक जाळीचा आकार साच्यातच अडकून बसतो. मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवला तर सुटा निघतो. तुकडा ओढून फाडण्यापेक्षा हे अर्धं मिनिट घालवलेलं केव्हाही बरं.

कार्डं बनवणाऱ्या सगळ्यांना मला एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. टपालानं जाणाऱ्या कार्डावर मणी, बटणं, जाड फोम टेप लावू नका. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे. लोखंडी शिक्का पाकिटातल्या उंचवट्यावर पडला की उसळतो, तिकिटावर अर्धा ठसा येतो आणि आतला मणी फुटतो. तो फुटल्याचा आवाज मला यायचा, आणि पाकीट उघडून बघायचा अधिकार मला नव्हता. जाडी द्यायचीच असेल तर कार्डाच्या डाव्या खालच्या बाजूला द्या, तिकिटाखालचा भाग सपाट ठेवा. घरी वजन करा. हातकागदाचं तीन थरांचं कार्ड सहज २० ग्रॅमच्या पुढं जातं, आणि कमी तिकिटाचे पैसे मग ज्याला कार्ड पाठवलं त्याच्याकडून घेतले जातात.

खूप जाडी हवी असेल तर ती कॅनव्हासवर करावी. यंदा मी तशी केली.

आमच्याकडं एक ग्रामीण डाक सेवक होते. कासच्या पठाराकडच्या गावांचं टपाल त्यांच्याकडं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. कास साताऱ्यापासून २५ किलोमीटरवर आहे, यवतेश्वरचा घाट चढून जावं लागतं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर पठाराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गाड्यांची रीघ लागली. मामा त्याच्या कितीतरी आधीपासून पेन्शनच्या मनीऑर्डरी घेऊन तिथून जात होते. ६५ पूर्ण करून ते सुटले तेव्हा मी ठरवलं की त्यांना शाल-नारळाबरोबर पठारच द्यायचं.

पहिला प्रयत्न माझ्याच हातानं वाया गेला. आंतर्देशीय पत्राच्या निळ्या कागदाचे तुकडे कॅनव्हासवर चिकटवले आणि जुन्या सवयीनं जांभळ्या स्टॅम्प पॅडनं त्यावर ठसे मारले. मग ते जरा मागं जावेत म्हणून वरून पांढऱ्या जेसोचा, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला देतात त्या लेपाचा, हात दिला. वाळल्यावर जांभळं वर आलं. पुन्हा एक हात दिला, सकाळी पुन्हा जांभळं. ती शाई जेसोमधल्या पाण्यात विरघळून प्रत्येक थरातून वर चढते. तीन हात दिल्यावर मी ते कापड चौकटीवरून उपटून काढलं आणि त्याच चौकटीवर मांजरपाट ताणून बसवलं. त्याला जेसोचे तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. जुलै होता, एकेक थर वाळायला दिवस दिवस लागला. मी हीट गन लावली नाही. वरून तापवलेला थर आतून ओला राहतो आणि पुढं तडकतो.

कास म्हणजे जांभ्याचा सडा, तांबड्या सच्छिद्र दगडाचं सपाट पठार. वर मातीचा पातळ थर, आणि त्या एवढ्याशा मातीत एवढी फुलं. म्हणून सुरुवात जांभ्यापासून केली. फेव्हिकॉल, पांढरा ॲक्रेलिक रंग आणि टाल्कम पावडर कालवून लेप केला, सुरीनं पसरला, आणि ओला असतानाच नारळाची शेंडी त्यावर दाबून उचलली. जांभ्याला असतात तशी भोकं पडली. लेप एकदम जाड दिला तर भेगा पडतात, म्हणून तीन दिवसांत तीन पातळ थर. रंगासाठी बाजारातल्या नळ्या बघितल्या, एकही पटेना. शेवटी कुंड्यांना लावायचा गेरू आणला आणि ॲक्रेलिक मीडियममध्ये कालवला. जांभ्याचा तांबडेपणा लोहाचा आणि गेरूचाही लोहाचाच. खड्ड्यांत काळा रंग भरून वरचा पुसून घेतला, तेव्हा पावसात भिजलेला सडा समोर आला. मी बराच वेळ नुसती बघत बसले.

फुलांनी वेगळाच प्रश्न उभा केला. बाजारातल्या डाय बहुतेक गुलाबाच्या आणि डेझीच्या. सोनकी डेझीच्याच कुळातली, त्यामुळे सगळ्यांत लहान डेझीच्या साच्यानं पिवळ्या हातकागदाची सोनकी झाली. तेरड्याला तो साचा चालत नाही, त्याच्या पाकळ्या सारख्या नसतात. त्या मी कात्रीनं एकेक कापल्या, १४० भरल्या. सीतेची आसवं एवढीशी, त्यांचा ठसा खोडरबरावर कोरला आणि निळ्याजांभळ्या आर्काइव्हल शाईनं उमटवला. गेंदाची पांढरी बोंडं म्हणजे काडेपेटीच्या काडीनं ठेवलेले लेपाचे ठिपके. टोपली कारवी मी घेतली नाही. ती सात वर्षांतून एकदा फुलते, आणि मामांच्या शेवटच्या वर्षी फुलली नव्हती.

कोपऱ्यात टपालाचा शिक्का हवाच होता. खरा शिक्का सरकारचा, तो घरच्या कामाला वापरता येत नाही आणि वापरूही नये. मोठ्या खोडरबरावर मी स्वतः गोल कोरला: वर "कास", मध्ये मामांच्या शेवटच्या फेरीची तारीख. उलटी अक्षरं कोरताना एकदाही अडले नाही. ठसा एकदाच मारायचा होता, चुकला तर खालचं सगळं गेलं असतं. कॅनव्हासच्या मागं पोकळ असतं, म्हणून चौकटीत मावेल एवढं पुस्तक खाली घातलं, श्वास धरला आणि सरळ खाली दाबलं.

आभाळात डिस्ट्रेस होती, त्यावर ब्रशनं वॉर्निश लावलं असतं तर ती वाहिली असती. म्हणून आधी फवाऱ्यानं मारायच्या वॉर्निशचे दोन हात, मग ब्रशनं मॅट वॉर्निश.

मामांच्या घरी आम्ही तिघीजणी गेलो. त्यांनी कॅनव्हास मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि आधी अंगठाच जांभ्यावरून फिरवला. फुलांकडं बघितलंच नाही. अंगठा एका जागी थांबला.

"हितं पानी साचतंय बगा ताई. हितनं सायकल खांद्यावर घ्यायची."

मी वाकून बघितलं. नारळाच्या शेंडीनं तिथं जरा खोल खळगा पडला होता.

सुनेनं विचारलं, खिळा कुठं ठोकायचा, देवाच्या फोटोशेजारी वर ठोकू का. मामा म्हणाले, "वर नको. खाली ठोक, बसल्या जागी हात पोचला पायजे."