म्हार्दोळला न आलेली गाडी

माझा पासपोर्ट ब्रिटनचा, पर्समध्ये ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आणि घर फोंड्याजवळ म्हार्दोळला. म्हणजे कागदोपत्री मी परदेशात निवृत्त झाले आहे. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा पेज ढवळता ढवळता त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

३१ वर्षं लेस्टरमध्ये काढून २०२४च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं इथं आलो. तेव्हापासून तिकडच्या मंडळातल्या मैत्रिणी आणि पुण्याचे नातेवाईक आलटून पालटून एकच प्रश्न विचारतात. घर, हवा, डास, कशाबद्दल नाही. गाडीबद्दल. "तुमची ती छान गाडी होती, तिचं काय केलंत? आम्हीही यायचं म्हणतोय, गाडी आणावी का?" प्रत्येकीला फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आमची होंडा जॅझ होती. हायब्रीड, निळी, कुरकुर न करणारी. कंटेनरमधून सोफा आणि मिक्सर येणारच होते, मग गाडी का नको, असा नवऱ्याचा साधा हिशेब. त्यातही इंग्लंडात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टीअरिंग उजवीकडे, त्यामुळे निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. मस्कतला २० वर्षं काढलेले आमचे एक भाऊजी मात्र पहिल्याच पायरीवर बाद झाले होते. त्यांच्या प्राडोचं स्टीअरिंग डावीकडे, आणि तशी गाडी आपल्याकडे आयातच होत नाही. त्यांना एक एजंट म्हणाला होता, "स्टीअरिंग या बाजूला करून देतो, काळजी नको." भाऊजींनी गाडी तिकडेच विकली आणि त्या एजंटची गोष्ट अजून प्रत्येक लग्नात सांगतात.

माझी पहिली चूक म्हणजे गाडी हे घरसामान आहे असं मी धरून चालले. आपल्या कस्टम्सच्या कायद्यात बॅगेजच्या व्याख्येतच लिहिलंय की मोटारगाडी त्यात येत नाही. परदेशातून कायमचं परतताना घरसामानावर सवलत मिळते, ती फ्रिजला मिळेल, वॉशिंग मशीनला मिळेल, गाडीला नाही. गाडी आली की ती सरळ आयात, पूर्ण शुल्कासकट.

दुसरी चूक वयाची. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. आमच्या गाडीच्या कागदावर नोंदणी १ मार्च २०२२ची, त्यामुळे मी निर्धास्त होते. इंग्लंडात मार्च आणि सप्टेंबरात नंबरप्लेटवरचा आकडा बदलतो, म्हणून लोक गाडी घ्यायला मार्चची वाट बघतात. आम्हीही बघितली होती. पण तीन वर्षं मोजतात ती गाडी बनली त्या तारखेपासून. सीटचा पट्टा खाली जिथे पक्का केलेला असतो तिथे एक पांढरी चिठ्ठी शिवलेली असते, त्यावर पट्टा बनल्याची तारीख असते. एका रविवारी गुडघे टेकून मोबाइलच्या उजेडात मी ती वाचली: सप्टेंबर २०२१. नंतर डीलरकडूनही गाडी त्याच शरदात बनल्याचं कळलं. जपानहून जहाजानं येऊन ती शोरूममध्ये मार्चची वाट बघत उभी राहिली होती. कंटेनर भारतात पोचेपर्यंत आमची "पावणेतीन वर्षांची" गाडी तीन वर्षं ओलांडून गेली असती.

समजा, वय बसलं असतं तरी पुढे काय होतं बघा. स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, आणि इंग्लंडच्या गाड्या मैल दाखवतात. गाडी अजून पाच वर्षं तरी रस्त्यावर चालेल असं तिकडच्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र हवं. आणि वापरलेली गाडी उतरते फक्त मुंबई बंदरात. वास्को आमच्या घरापासून तासाभरावर, मुरगावचं बंदर तिथे दिसतं, पण गाडी उतरणार मुंबईला आणि तिथून येणार मुंबई–गोवा महामार्गाने. त्या महामार्गाबद्दल कोकणातल्या वाचकांना मी काय सांगणार!

आता शुल्क. २०२४ साली वापरलेल्या गाडीवर मूळ आयात शुल्क १२५ टक्के होतं, त्यावर अधिभार धरून १३७.५. गाडी, जहाजभाडं आणि विमा मिळून १०० रुपये धरले तर ते झाले २३७.५०. त्यावर तेव्हाचा २८ टक्के जीएसटी लावला की ३०४. वरचा सेस मी मोजलेलाच नाही. म्हणजे १०० रुपयांच्या गाडीवर २०४ रुपये कर. शिवाय १०० हा आकडाही आपण सांगू तो धरतील असं नाही. गाडी नवी असतानाची किंमत घेऊन वयाप्रमाणे घसारा वजा करतात. लेस्टरमध्ये शेजाऱ्याला दोन हजार पौंड कमी करून विकली तेव्हा हळहळलेला माझा नवरा हा हिशेब बघून अचानक दानशूर झाला.

२०२५च्या अर्थसंकल्पानंतर "आता १२५चं ७० टक्के झालं ना?" असे फोन आले. झालं, खरं आहे. पण सोबत ६७.५ टक्क्यांचा कृषी अधिभार बसला आणि बेरीज पुन्हा १३७.५च. मग जुलै २०२५मध्ये भारत–ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हा परत फोन. त्यात गाड्यांवरचं शुल्क १० टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे, पण ते ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांचं, आणि तेही ठरावीक कोट्यात. जपानहून आलेल्या आमच्या बाईसाहेबांचा त्यात काही संबंध नाही.

कुणीतरी कार्नेचंही सुचवलं. कार्ने म्हणजे गाडीचा प्रवासी परवाना म्हणा: शुल्क न भरता काही महिने गाडी आत आणायची आणि परत बाहेर न्यायची. लंडनहून गाडीने भारत बघायला निघालेल्यांची ती सोय आहे. निवृत्त माणूस गाडी घेऊन परत कुठे जाणार?

सासऱ्यांना, अण्णांना, हे सगळं ऐकून फार मजा वाटली. ते बसला अजून 'कारेर' म्हणतात. त्यांच्या तरुणपणी, १९६१च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत परदेशी गाड्या गोव्यात सहज यायच्या, आणि मर्सिडीजच्या टॅक्सीत बसून लग्नाला गेल्याचं ते आजही थाटात सांगतात. पोर्तुगालनं १९२८मध्ये रस्त्याची बाजू बदलून उजवी धरली, तरी गोवा डावीकडेच राहिला, हेही मला अण्णांकडूनच कळलं. "तेव्हा गाडी यायची, रस्ता नव्हता. आता उलट," असं म्हणून ते पेपरात तोंड घालतात.

गाडी न आणण्याचं खरं कारण मात्र मला इथे आल्यावर पहिल्या पावसाळ्यात कळलं. आमच्या घराची वाट चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून जाते. समोरून दुधाचा टेम्पो आला तर कुणीतरी मागे जायचं, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे कायम मी. आरसा दोनदा चिऱ्याला घासला. जून ते सप्टेंबर गाडीच्या आत हिरवट बुरशी धरते, बॉनेटखाली उंदीर वायर कुरतडतात. अशा ठिकाणी जिची हायब्रीड आवृत्ती भारतात कधी विकलीच गेली नाही ती गाडी ठेवायची, आणि सेन्सर गेला की भाच्याला लेस्टरहून पार्सल करायला सांगायचं? आमच्या नाक्यावरचा मेस्त, म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा, एका वाक्यात बोलून गेला: "वयनी, तसली गाडी हांगा कित्याक हाडटात?" इथे कशाला आणता, म्हणून.

मग पुण्याच्या भावाची गाडी घ्यावी असं ठरत होतं. एमएच १२, पार्किंगमध्ये पडून असलेली, फुकट. फुकटाचा मोह पुण्याच्या माणसाला सुटत नाही. पण दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्याआधी पुण्याच्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र, गोव्याचा रस्ता कर नव्याने, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. हे सगळं करता येतं, लोक करतात. मी केलं नाही, कारण दोन आठवडे ती गाडी चालवून पाहिली आणि एमएच नंबर बघून फोंड्याच्या बाजारात मला जे कोंकणीत ऐकावं लागलं ते लिहिण्यासारखं नाही. इथे एमएच म्हणजे पर्यटक, आणि पर्यटक म्हणजे रस्त्याच्या मधोमध थांबून फोटो काढणारा. गाडी भावाला परत पाठवली.

शेवटी गोव्यातलीच जुनी गाडी शोधली. ओसीआयवाल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही. घरामागचं भातशेत मी नुसतं बघत बसते. गाडीला मात्र अडचण नाही, पत्त्याचा पुरावा लागतो तेवढा. कर्जाच्या भानगडीत पडलो नाही. शोधताना मेस्ताला बरोबर नेलं, आणि हे मात्र सगळ्यांनी करावं. पहिली गाडी त्यानं रॅम्पवर चढवून खालून दाखवली: समुद्राकाठी राहिलेली, खारी हवा खाऊन पत्र्याला पापुद्रे सुटलेले. वरून आरशासारखी चकचकीत! दुसऱ्या गाडीत मी स्वतः सीटचा पट्टा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. लेस्टरमध्ये गुडघे टेकून केलेला अभ्यास वाया गेला नाही. शेवटच्या वीतभर भागावर तांबड्या मातीची आडवी रेघ होती. मेस्त वाकून म्हणाला, "वयनी, हांगा पळयात. उदक." गाडी कधीतरी पाण्यात उभी होती. मालक म्हणाला, खाणीची धूळ असेल. धूळ अशी पट्टी आखून बसत नाही. तिसरी भाड्यानं फिरवलेली निघाली, कागदावर चार मालक.

चौथी घेतली. २०२०ची वॅगनआर, ऑटोमॅटिक, एकच मालक, सावर्डेच्या निवृत्त मास्तरांची, पावणेपाच लाख. सीटवर अजून प्लॅस्टिकचं कव्हर होतं. नंबर जीए ०९, केप्याचा. मंगेशीच्या पार्किंगवाल्याला तेवढाच पुरला. आता तो पर्यटकांच्या रांगेत पाठवत नाही.

लायसन्सचं सांगायचं राहिलं. ब्रिटनचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना यांवर वर्षभर भागतं, पण इथे राहायचं तर इथलं काढा. माझं पुण्याचं जुनं लायसन्स कधीच संपलेलं. शिकाऊ परवाना, निदान ३० दिवस थांबणं, मग परीक्षा. म्हणून ३१ वर्षं मोटरवे तुडवलेली मी, ६१व्या वर्षी, काचेवर लाल एल चिकटवून फोंड्यात फिरत होते. शाळेची पोरं हॉर्न वाजवत पुढे जायची. परीक्षेत रिव्हर्सला मला एकदा परत यायला सांगितलं.

लेस्टरच्या गाडीतून एकच वस्तू आणली, काचेवरचं बर्फ खरवडायची ती निळी प्लॅस्टिकची पट्टी. सामान बांधताना नवरा हसला होता. आमची गाडी फणसाखाली उभी असते. एप्रिल-मे आला की वरून चीक टपकतो, वाळला की पाण्यानं निघत नाही, कापडानं निघत नाही. काचेवर खोबरेल तेलाचं बोट लावायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि त्या पट्टीनं खालून वर सरकवत न्यायचं. शेजारच्या वहिनी परवा विचारत होत्या, ही कुठे मिळते म्हणून.