आमची ऋणे

दोन आठवड्यांपूर्वी दादा फोनवर म्हणाला, "तिकडे बसून प्रार्थना करायला काय लागतं?"

आई दोन वर्षं अंथरुणावर आहे. तिचं सगळं दादा-वहिनी करतात. मी परदेशातून दर महिन्याला पैसे पाठवतो आणि रोज रात्री गुडघे टेकून आईसाठी प्रार्थना करतो. कितीही थकून आलो तरी ती चुकवलेली नाही. रजा मागितली की लगेच मिळते असंही नाही, हे दादाला ठाऊक आहे. म्हणून ते वाक्य फार लागलं. मी फोन ठेवला आणि त्यानंतर दहा दिवस त्याचा फोन घेतला नाही.

त्याच रविवारी उपासनेला गेलो. इथल्या चर्चच्या मंडळीबद्दल एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकते: जवळजवळ प्रत्येक प्रार्थना पुस्तकातून वाचतात. पापकबुली वाचायची, उपकारस्तुती वाचायची, आजाऱ्यांसाठीची विनंतीही छापलेली, मध्ये फक्त नाव घालायचं. मी मनातून उमटेल तसं देवाशी बोलत वाढलो. शब्द अडखळले, वाक्य अर्धं राहिलं, रडू आलं, तरी ती माझी प्रार्थना असायची. दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या शब्दांत माझं दुःख कसं मावणार? हे मी इथे दोघा-तिघांना बोलूनही दाखवलं आहे, आणि आपली रीत अधिक जिवंत आहे असं मला अजून वाटतं.

पण प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, पुस्तक न बघताच होते. सगळे इंग्रजीत म्हणतात, मी हळू आवाजात मराठीत. तिच्यात क्षमा मागण्याची एक ओळ आहे; इथे त्या ओळीत 'ट्रेसपासेस' म्हणतात, म्हणजे अपराध. आपल्या मराठी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, 'ऋण' आहे, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ऋणच. शिवाय मराठीत आपली बाजू आधी येते: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." इंग्रजीत आधी क्षमा मागून होते, मग अट येते. मराठीत अट ओलांडल्याशिवाय मागताच येत नाही. त्या दिवशी मला ती ओलांडता आली नाही. ओठ मिटले. भोवतीचे आवाज पुढे गेले.

शेजारी बसणाऱ्या आजींच्या ते लक्षात आलं असावं. बाहेर पडताना त्या माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "जी ओळ म्हणवत नाही तिथे आमच्या आवाजावर उभा राहा. ती 'आम्ही' म्हणूनच दिली आहे."

घरी येऊन प्रार्थना पुन्हा वाचली. खरंच, त्यात 'मी' कुठेच नाही. आमच्या पित्या, आमची भाकर, आमची ऋणे. ज्या पुस्तकी प्रार्थनांवर माझा राग होता त्यांतही बहुतेक ठिकाणी 'आम्ही'च आहे. इतकी वर्षं मी जी प्रार्थना माझी म्हणून जपली, तिच्यात दादा कधी होता का? आईसाठी मागितलं, स्वतःसाठी बळ मागितलं. आईला रात्री कुशीवर वळवणाऱ्या हातांसाठी काहीच मागितलं नव्हतं.

मग मत्तय 18 मधल्या येशूच्या दृष्टांतातला तो दास आठवला, राजाचा कर्जदार. त्याचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, दीड लाखाहून अधिक वर्षांची. ते माफ होतं. बाहेर पडताच तो सोबत्याचा गळा धरतो, शंभर दीनारांसाठी. उपदेशांत ही रक्कम क्षुल्लक म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी तीन महिन्यांहून जास्त होते. येशूने सोबत्याचं देणं खोटं ठरवलेलं नाही. दादाचं वाक्य मला लागलं, हेही खोटं नाही.

पण लूक 18 मधल्या दृष्टांतातला परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, मंदिरात काय करतो? आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, असा हिशेब देवापुढे वाचतो. वर मी लिहिलेलं पाहा: दर महिन्याला पैसे, रोज गुडघे टेकून. त्याच मंदिरात आलेला, लोकांच्या लेखी पापी असलेला जकातदार मात्र दूर उभा राहतो, डोळे वर करत नाही, ऊर बडवतो आणि फक्त दया मागतो. दूर उभा राहिलेला नीतिमान ठरून घरी जातो. परदेशात राहणाऱ्याने या 'दूर' शब्दाला किती घट्ट धरावं! मीही धरला. त्या रात्री नेहमीची प्रार्थना केली नाही. "देवा, मज पाप्यावर दया कर" एवढंच म्हणालो, आणि ती मिळेल यावर विसंबून झोपलो. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

काल दादाला फोन केला. आधी कोणीच बोलेना. मग तो म्हणाला, "आईजवळच आहे. फोन तिच्या कानाशी धरतो, प्रार्थना म्हण." मी सुरू केली. त्या ओळीशी आवाज अडला. पलीकडून दादाने ती उचलली, जराही न थांबता. 'आम्हांस सोड' या शब्दांवर मी पुन्हा त्याच्यात मिसळलो.