घडी घातलेली मतपत्रिका

मतदान सात वाजता सुरू होणार, पण आम्हाला सव्वासहाला हजर व्हावं लागतं. टेबलं मांडायची, मतदारयादीच्या दोन्ही प्रती ताडून बघायच्या, मतपत्रिका मोजणारं यंत्र चालू करून त्यात एकही मत नसल्याची, शून्याची पट्टी छापून घ्यायची आणि तिच्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराच्या एका प्राथमिक शाळेची जिम हे आमचं केंद्र. डोक्यावर बास्केटबॉलचं जाळं आणि बसायला मुलांच्या मापाच्या खुर्च्या. मी अमेरिकेची नागरिक झाल्यापासून हे काम करते. एरवी माझी नोकरी प्रयोगशाळेत आहे. त्या एका दिवसाची रजा टाकते. मानधनापेक्षा कॉफीवरच जास्त खर्च होतो.

ती तारीख ४ एप्रिल २००६. विस्कॉन्सिनमधली एप्रिलची निवडणूक म्हणजे खरं तर पेंगायचा दिवस. पक्षांची चिन्हं नसतात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी न्यायमूर्ती क्रूक्स एकटेच उभे होते आणि बाकी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मंडळाचे सभासद निवडायचे होते. पण त्या वर्षी मतपत्रिकेवर एक प्रश्नही होता. इराकमधून अमेरिकेचं सैन्य आता परत आणावं का? हो किंवा नाही.

असा प्रश्न मतपत्रिकेवर येतो कसा, हे मलाही तेव्हाच नीट समजलं. आमच्या राज्यात लोकांना सह्या गोळा करून अख्ख्या राज्यापुढे प्रश्न ठेवता येत नाही. शहरात आणि छोट्या गावात मात्र येतो. गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत तिथे जेवढी मतं पडली, त्याच्या १५ टक्के सह्या जमवायच्या. मग नगर परिषदेपुढे दोनच वाटा उरतात. ठराव काना-मात्रा न बदलता मंजूर करायचा, नाहीतर मतदारांपुढे ठेवायचा. बर्फात उभं राहून, हातमोजे काढून लोकांनी सह्या घेतल्या आणि त्या दिवशी राज्यातल्या ३२ गावा-शहरांत लोक या युद्धावर मत देणार होते.

मत सल्लावजा. वॉशिंग्टनवर त्याचं काडीचं बंधन नाही. सकाळी दहाच्या आत मला हे तिघांनी विचारलं. "मी 'हो'वर खूण केली, तर सैन्य परत येईल?" आम्हाला उत्तर देता येत नाही. मतपत्रिकेवर जे छापलंय ते वाचून दाखवायचं, बस. अर्थ सांगायचा नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चेहऱ्याचं मला जमत नाही, म्हणून मी यादीत डोकं खुपसून बसले.

आमच्या चीफ इन्स्पेक्टर, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ. त्यांचीही एकदा पंचाईत झाली. एक बाई कोटावर शांततेच्या चिन्हाचा बिल्ला लावून आल्या. मतदान केंद्रात प्रचार चालत नाही आणि प्रश्न युद्धाचाच, त्यामुळे बिल्ला उतरवायला सांगितला. त्या बाईंनी रांगेतल्या एका माणसाकडे बोट दाखवलं. त्याच्या छातीवर पिवळी रिबन होती, सैनिकांच्या पाठिंब्याची. "मग हे काय?" चीफने शहराची निवडणूक बघणाऱ्या क्लार्कच्या कचेरीत फोन लावला, तो लागेना. रांग तुंबली. तो माणूस म्हणाला, "हा प्रचार नाही, माझा पुतण्या तिकडे आहे." बाई म्हणाल्या, "माझाही भाचा आहे." शेवटी चीफने निकाल दिला: दोघांनीही कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावा. दोघांनी लावली. जिमचं हीटिंग नको तितकं जोरात होतं. घामाघूम होऊन दोघांनी मत दिलं. मला विचाराल तर रिबन हाही प्रचारच होता, पण माझं मत कुणी विचारलं नाही आणि विचारायलाही नको होतं.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा एक आजोबा यंत्राजवळ जरा रेंगाळले. म्हणाले, "अडुसष्टच्या एप्रिलमध्ये याच शहरात व्हिएतनामवर मत घेतलं होतं. सैन्य मागे घ्या म्हणून. आम्ही हरलो." त्या मतदानाच्या दोनच दिवस आधी अध्यक्ष जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असं जाहीर केलं होतं, आणि त्याच मंगळवारी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत विस्कॉन्सिनने युद्धविरोधी मॅकार्थींना जिंकवलं. तरीही शहराने थेट प्रश्नाला नाहीच म्हटलं. आजोबांना त्याचं अजून नवल वाटत होतं. मला वाटलं नाही. माणसाला मत देणं वेगळं आणि "आता परत या" असं आपल्या सहीशिक्क्यानं म्हणणं वेगळं.

एक माणूस मात्र सकाळपासून माझ्या डोक्यात होता. साधारण माझ्याच वयाचा, प्लंबरच्या कंपनीचं जॅकेट घातलेला. मत दिल्यावर त्याने हळूच विचारलं, "माझ्या मुलाचं पाकीट आलंय का?" मुलगा नॅशनल गार्डमध्ये होता. पूर आला, वादळ झालं की गव्हर्नरच्या हुकमावर धावणारी ही राज्याची फौज. पण केंद्राने बोलावलं की तीच परदेशातल्या युद्धावर जाते, तशी तेव्हा इराकला गेली होती. सह्या गोळा करणाऱ्यांचं एक म्हणणं हेच होतं: पोरं आमच्या राज्यातली, तर राज्यातल्या लोकांना विचारा तरी. चीफने त्याला सांगितलं की टपाली मतांची पाकिटं कचेरीतून दिवसभर येत राहतात, संध्याकाळी बघा.

पाकिटांचा शेवटचा गठ्ठा साडेपाचला आला. टपाली मतं आम्ही केंद्रातच उघडतो. पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचायचं, यादीत शोधायचं, मतदाराची सही आणि साक्षीदाराची सही बघायची, क्रमांक द्यायचा, मग उघडायचं. तिसऱ्या पाकिटावर त्या माणसाचं आडनाव होतं. साक्षीदाराच्या पत्त्यात लष्करी टपालाचा नंबर. सही एका सार्जंटची.

'बसरा' हे इराकमधल्या शहराचं नाव माझ्या घरात पोथीतल्यासारखं ऐकलेलं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. आईचे आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून बसऱ्याच्या लढाईला गेले, ते आलेच नाहीत. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्याच एप्रिलमध्ये, २९ एप्रिल १९१६ ला, जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनने कुत-अल-अमारा इथे तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. बगदादच्या खाली, त्याच तैग्रिस नदीच्या काठावर. आमचे पणजोबा त्यांत होते की आधीच गेले, हे घरात कुणाला ठाऊक नाही. आदल्या रविवारी फोनवर मी आईला या मतदानाचं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आगं, गावोगाव इचारतात व्हय तिथं? माझ्या आज्जीला तर तार आल्यावर कळलं."

पाकीट मी कापलं. मतपत्रिका तिहेरी घडीची होती. यंत्राला घडी चालत नाही, ती उलगडून हाताने सपाट करावी लागते. नियम असा की कोरी बाजू वर ठेवायची आणि बघायचं नाही. कागद माझ्या हातात होता, शेजारची सहकारी यादीत क्रमांक लिहीत होती. बोटांना पलीकडच्या शाईचा दाब लागत होता. अर्ध्या सेकंदाचं काम. या प्रश्नावर जगात कुणाचं मत ऐकावंसं वाटत असेल तर ते याच पोराचं. मी कागद पालथाच सपाट केला आणि यंत्राच्या तोंडाला लावला. त्याने तो घर्र करून आत ओढला आणि वरचा आकडा एकने वाढला. नाही बघितलं याचा मला त्या रात्री अभिमान वाटला नाही, चुटपुटच लागली. अजून लागते.

पावणेआठला तो माणूस परत आला. "आलं," चीफने सांगितलं, "आणि मोजलंही गेलं." त्याने मान डोलावली. मोजणी कुणालाही बसून बघता येते, म्हणून तो भिंतीशी पहिलीतल्या मुलाच्या खुर्चीवर गुडघे वर करून बसला. आठला दार बंद झालं. पहिल्यांदा यादी आणि यंत्र यांच्यात एकाचा फरक आला. मतदारांना दिलेल्या क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मग हाताने लिहिलेली नावं मोजायची होती. न्यायमूर्ती क्रूक्स यांच्याविरुद्ध कुणी नाही म्हणून लोकांनी मिकी माऊसपासून स्वतःच्या बायकोपर्यंत सगळ्यांना उभं केलं होतं, आणि तेव्हा प्रत्येक नाव नोंदावं लागायचं. यात पाऊण तास गेला.

आमच्या वॉर्डात 'हो' पुढे होतं. मॅडिसननेही हो म्हटलं. ३२ पैकी २४ ठिकाणी तेच झालं. सैन्य मात्र त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ राहिलं. शेवटची तुकडी डिसेंबर २०११ मध्ये कुवेतच्या सीमेतून बाहेर पडली. आमच्या मतदानाच्या पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने हाच प्रश्न अख्ख्या राज्याच्या मतदारांना विचारायचं विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी ते नाकारलं. ज्या मताला वजन नाही ते विचारून लोकांत फूट का पाडायची, असा त्यांचा मुद्दा. ते वाचताना मला ती घामेजलेली दोन माणसं आठवली. फूट होतीच, आणि तरी ती दोघं एका रांगेत उभी होती.

पण त्या रात्रीचं सांगते. चीफने पट्टी वाचून दाखवली तसा तो माणूस उठून जवळ आला. "मी 'हो' दिलं," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "तो बहुतेक 'नाही' म्हणाला असेल. फोनवर तो काही बोलत नाही." मग खिशातून कुठल्याशा दुकानाची पावती काढून तिच्या मागे त्याने दोन्ही आकडे लिहिले. पेन चालेना, मी माझं दिलं.

"न्यायाधीशाचेही सांगा," तो म्हणाला. "पत्रात लिहायला काहीतरी हवं."

चीफने ते सांगितले. मिकी माऊसला किती पडली, तेही सांगितलं, आणि तो आकडा त्याने सगळ्यात ठळक लिहिला.