आमची वाटचाल: गेटबाहेरचे मेकॅनिक

धुळ्यात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, हेच काम. एका ब्रीडर फार्मची, म्हणजे पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या फार्मची, मोटार तीन महिन्यांत तिसऱ्यांदा जळून आली, तेव्हा मलाच लाज वाटली. तार हलकी भरतोय की काय आपण? मोटार घेऊन स्वतःच फार्मवर गेलो.

दोष मोटारीत नव्हताच. चेन फीडर म्हणजे शेडभर फिरून कोंबड्यांपुढे खाद्य नेणारी साखळी. तिच्या ड्राइव्हला शिअर पिन असते. चेन कुठे अडकली की आधी ती तुटावी, गिअरबॉक्स आणि मोटार वाचावी, म्हणून मुद्दाम मऊ ठेवलेली. सारखी तुटते म्हणून कुणीतरी तिच्या जागी टणक बोल्ट ठोकला होता. आणि तुटत का होती? शेडच्या टोकाचं कॉर्नरचं चाक ओलं खाद्य आणि तूस साचून जाम झालं होतं. चेन फिरायची, चाक नाही. त्यावर करवतीने कापल्यासारखी खाच पडली होती. तिसऱ्या रिवाइंडिंगचे पैसे मी परत केले. धाकटा भाऊ आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

ब्रीडर कोंबडीला खाद्य मोजून देतात. पोटभर दिलं तर ती चरबी धरते, अंडी घटतात. म्हणून ते सगळ्यांपुढे एकदमच पोचावं लागतं, नाहीतर दांडग्या कोंबड्या खातात आणि दुबळ्या बघत बसतात. चारशे फुटी शेडमध्ये ट्रफचा, म्हणजे चेन फिरते त्या खाद्याच्या पन्हळीचा, फेरा साधारण 245 मीटरचा होतो. मिनिटाला 36 मीटर पळणारी चेनही तो पुरा करायला सात मिनिटं घेते, म्हणून हॉपर, म्हणजे चेनवर खाद्य सोडणाऱ्या टाक्या, दोन लावायचे. बरेच जण अंधारातच ट्रफ भरून घेतात आणि मग दिवे लावतात. त्यामुळे आमच्याकडे फोन येतो तो पहाटे.

पण पहाटे निघून उपयोग काय? 2006च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदाच. आमच्याकडच्या फार्मांची गेटं तेव्हा जी कडक झाली, ती झालीच. काल दुसऱ्या फार्मवर होतात? मग आत नाही. अंघोळ करा, कपडे बदला, तरी नाही. हत्यारांची पिशवी तर मुळीच नाही. चार फार्म हाताशी असलेला मेकॅनिक एका दिवशी एकाच फार्मवर जाऊ शकत असेल, तर त्याने खायचं काय?

मग आम्ही हत्यारं तिथेच ठेवली. प्रत्येक फार्मवर एक पत्र्याची पेटी: कडी तोडायचं हत्यार, वीस सुट्या कड्या, पिना, कॉर्नरचं एक चाक. आणि एक खडू. कॉर्नरच्या चाकावर खडूची रेघ ओढायची, झाकण लावून चेन चालू करायची, मग बंद करून, फ्यूज काढून खिशात टाकायचा आणि झाकण उघडायचं. दोन-तीन वेळा केलं आणि रेघ प्रत्येक वेळी जागच्या जागीच दिसली, तर चाक जाम.

उरलेलं फोनवर. "भाऊ, चेन उलटी फिरतेय!"
"काल लाइनमन आला होता?"
"हो, डीपीवर काम केलं."
फेज उलटले होते. दोन वायरी अदलाबदल, काम संपलं. याचे पैसे कसे मागायचे, हे मला अजून जमलेलं नाही.

2020 मध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली आणि भाव कोसळले. आमची उधारी अडकली, काही बुडाली. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता वार्षिक करार करतो. कोंबड्यांची बॅच गेली, शेड धुऊन झाली, की मधल्या दिवसांत आम्हाला आत घेतात. ताणलेली चेन ड्राइव्हच्या पुढे सैल पडते, तिथून दोन-तीन कड्या कमी करायच्या, बुश बघायचे, ट्रफचे जोड एका पातळीत आणायचे. मालकांना हे पटवायला वर्षं गेली. बंद शेडवर खर्च करायचा म्हटलं की पोटात दुखतं.

परवा पहाटे पाचला एका सुपरवायझरचा फोन आला. "भाऊ, पिना संपल्या, दहा पाठवून द्या." पेटीत दहा ठेवल्याला महिनाही झाला नव्हता. पिना पाठवण्याआधी त्याला खडू शोधायला लावलं.