पडून मणका मोडला, मग एस कोड का नाही?

नवीन बॅच आली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच, परवा परत आला म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवते. "मॅम, पेशंट घरात पडली, एक्सरेत एल १ ला कम्प्रेशन फ्रॅक्चर आहे, पडणं म्हणजे ट्रॉमाच ना, मग माझा एस ३२ खोडून तुम्ही एम ८० का टाकला, आणि वर एरर पण दिली?"

इतरांनी लावलेले कोड तपासून एरर देण्याचाच पगार घेते मी, ते सोडा.

या लाइनमधले नसाल तर थोडक्यात सांगते, आम्ही ऐरोलीत बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट वाचतो आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या यादीतले कोड लावतो, तिकडे २०१५ च्या ऑक्टोबरपासून हीच सिस्टिम आहे आणि इन्शुरन्सचं बिल त्यावरच जातं. त्यात एसने सुरू होणारे कोड इजांचे, एमने सुरू होणारे हाडा-सांध्यांच्या आजारांचे. प्रोग्रॅमिंगशी काही संबंध नाही. सासरी अजूनही मी सॉफ्टवेअरमध्येच आहे असं सांगतात, मीही आता दुरुस्त करत नाही.

तर मणका. मणक्याचं पुढचं शरीर म्हणजे बाहेरून पातळ कवच आणि आत जाळी, अनारशासारखी. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारात, ही जाळी विरत जाते आणि मग एक दिवस पुढची बाजू खचते, मागची उंची तशीच राहते, म्हणजे मणक्याची पाचर होते. वेज कम्प्रेशन म्हणतात ते हेच. सगळ्यात जास्त टी १२ (पाठीचा शेवटचा मणका) आणि एल १ (कंबरेचा पहिला) ला होतं, कारण बरगड्यांनी जखडलेली ताठ पाठ तिथे संपते आणि हलती कंबर सुरू होते, सगळा ताण त्या सांध्यावर. मागची भिंतसुद्धा फुटली तर ते बर्स्ट फ्रॅक्चर, त्यात तुकडा मागे सरकून नसांवर दाब येऊ शकतो, तो वेगळा विषय आणि कोडही वेगळा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. एक्सरेत पाचर सारखीच दिसते हो, पंचविशीतला मुलगा शिडीवरून पडला तरी आणि अठ्ठ्याहत्तरची बाई पलंगावरून घसरली तरी. पण गाइडलाइन स्पष्ट आहे, पेशंटला ऑस्टिओपोरोसिस असल्याचं माहीत आहे आणि जे पडणं झालं त्याने निरोगी हाड एरवी मोडलं नसतं, तर ट्रॉमाचा एस कोड नाही, एम ८०. म्हणजे पडली की नाही हे विचारायचंच नाही, तेवढ्याने चांगलं हाड मोडलं असतं का हे विचारायचं. मुलाला एस ३२.०१०ए, आजींना एम ८०.०८एक्सए. गंमत म्हणजे एसमध्ये कंबरेच्या प्रत्येक मणक्याला वेगळा कोड आहे आणि एम ८०.०८ मध्ये सगळा कणा एकाच डब्यात, कुठलाही मणका असो.

आणि चार्टमध्ये ऑस्टिओपोरोसिस शब्दच नसेल तर? वय ८२, कॅल्शियम चालू, डेक्साचा (हाडांची घनता मोजायची तपासणी) टी स्कोअर उणे तीन, सगळं समोर दिसतंय तरी आपण निदान करायचं नाही. मी स्वतः फिजिओ आहे, हात शिवशिवतात, पण नाही. डॉक्टरला क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, टाकायची, आणि तीही "ऑस्टिओपोरोसिसमुळेच ना?" अशी तोंडात घास भरवणारी नको. रिपोर्टमध्ये "ओल्ड" लिहिलं असेल तर अजून सावध, भरून आलेलं जुनं फ्रॅक्चर असेल तर एम ८१.० (ऑस्टिओपोरोसिस आहे, पण सध्या फ्रॅक्चर नाही) आणि सोबत झेड ८७.३१० (पूर्वी मोडून भरल्याची नोंद), तिथे एम ८० लावलात तर पेशंटचं हाड कागदावर परत मोडलंत तुम्ही.

शेवटच्या अक्षराचा घोळ तर विचारू नका. ए म्हणजे पहिली व्हिजिट नाही, ए म्हणजे ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू. तीन आठवड्यांनी कायफोप्लास्टी केली, म्हणजे फुगा घालून मणका उचलला आणि सिमेंट भरलं, तरी 'ए'च. नुसतं ब्रेस लावून बरं होतंय का बघायला आली तर डी.

हे सगळं मला कोड म्हणून पाठ होतं, आणि माझ्या आईच्या बाबतीत चार महिने कळलं नाही. सिलिंडर सरकवताना पाठीत कळ आली, जवळच्या डॉक्टरांनी "मणक्यात गॅप आहे" सांगून बेल्ट आणि गोळ्या दिल्या, आपल्याकडे पाठ दुखली की गॅपच असतो. मग एक दिवस ती परकर मुडपून शिवत बसलेली दिसली, म्हणाली अगं हल्ली निऱ्या जमिनीवर लोळतात, परकर सैल झालेत. दोन बोटं मुडपला होता तिने. परकर कुठे लांब होतो का, बाई दोन बोटं कमी झाली होती! दुसऱ्या दिवशी एक्सरे काढला, डी १२ ला पाचर (तिकडचा टी १२ तोच आपला डी १२), वर अजून एक जुनी, जी कधी दुखल्याचंही तिला आठवत नव्हतं. मग डेक्सा झाली, आता ट्रीटमेंट चालू आहे.

तिच्या फाइलवर कोडबिड काही नाही, आपल्याकडे कोण विचारतंय. पण मी घरी हौसेने सांगितलं की आई, तुझं एम ८० बरं का, एस नाही, सिलिंडर नुसतं निमित्त. तिला ते अजिबात पटलं नाही. म्हणे मी सिलिंडर ओढल्यामुळेच मोडले ना, मग त्या सिलिंडरला काहीच नंबर नाही का?

आहे, एक्स ५०.०. जड ओझ्याने अंगावर ताण येणं. पण एम ८० सोबत तो सहसा लागत नाही, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.